हॉट पिक्सेल

हॉट पिक्सेल किंवा तप्त पिक्सेल म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरील असा प्रकाशग्राही घटक, जो त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या मानाने फार मोठा संकेत नोंदवतो. अंधुक प्रकाशात, दीर्घ एक्सपोजर देऊन टिपलेल्या छायाचित्रांत असे घटक लाल, हिरव्या, निळ्या किंवा पांढुरक्या ठळक ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. हे ठिपके दृश्यातील कोणत्याही वस्तूचे नसतात. ते संवेदकातच निर्माण झालेल्या विद्युतभाराचे असतात. एकाच कॅमेऱ्याच्या निरनिराळ्या छायाचित्रांत ते त्याच त्या जागी आढळतात. हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण असून दुरुस्तीच्या बहुतेक पद्धती त्यावरच आधारलेल्या आहेत.

हॉट पिक्सेल असणे म्हणजे कॅमेरा नादुरुस्त असणे नव्हे. कोट्यवधी घटक असलेल्या कोणत्याही सिलिकॉन संवेदकात काही घटक सदोष असतातच आणि वापराच्या काळात त्यांची संख्या हळूहळू वाढते. दिवसाच्या छायाचित्रांत ते सहसा दिसत नाहीत. रात्रीचे आकाश, विजांचा कडकडाट, काजवे, शहरातील दिवे अशा विषयांच्या छायाचित्रणात मात्र ते प्रकर्षाने जाणवतात.

हॉट पिक्सेलच्या दुरुस्तीमागे दोन वेगळी उद्दिष्टे असू शकतात. एक म्हणजे ठिपका नजरेआड करणे आणि दुसरे म्हणजे त्या जागी खरोखर किती प्रकाश पडला होता हे जाणून घेणे. पहिले उद्दिष्ट तुलनेने सहज साध्य होते. दुसरे साधण्यासाठी मात्र त्या जागेच्या प्रकाशाचे आणखी एखादे विश्वसनीय मापन हाताशी असावे लागते.

स्वरूप आणि तत्सम दोष

संवेदकावरील सदोष घटकांचे ढोबळमानाने तीन प्रकार केले जातात.

• हॉट पिक्सेल: हा घटक प्रकाशाला प्रतिसाद देतो, परंतु त्यात अतिरिक्त विद्युतभार वेगाने साठत जातो. एक्सपोजरचा कालावधी आणि तापमान वाढले की तो अधिक ठळक होतो. कालावधी कमी केल्यास तो दिसेनासा होऊ शकतो.
• अडकलेला पिक्सेल: हा घटक कालावधी कितीही असला तरी एकच ठराविक, बहुधा कमाल, मूल्य दाखवतो. त्यामुळे तो भर उन्हातील छायाचित्रातही दिसतो.
• मृत पिक्सेल: हा घटक प्रकाशाला प्रतिसादच देत नाही आणि छायाचित्रात काळा बिंदू म्हणून उमटतो.

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील सदोष बिंदूंशी या दोषाची गल्लत होऊ शकते. छायाचित्र पडद्यावर सरकवून पाहिल्यास फरक लगेच कळतो. ठिपका छायाचित्राबरोबर सरकला तर तो छायाचित्रात आहे. पडद्यावर एकाच जागी राहिला तर दोष पडद्याचा आहे.

फिल्मवरील छायाचित्रणात या दोषाला समांतर असे काही नव्हते. फिल्मवर प्रत्येक छायाचित्रासाठी नवा पृष्ठभाग पुढे येत असे, त्यामुळे एका चौकटीतील डाग पुढच्या चौकटीत त्याच जागी येण्याचे कारण नव्हते. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र प्रत्येक छायाचित्र एकाच संवेदकावर टिपले जाते.

कारणे

अंधारप्रवाह

विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सीसीडी या संवेदकाची कल्पना मांडली. त्यासाठी २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघांना विभागून देण्यात आले. पारितोषिकाचा उरलेला अर्धा भाग चार्ल्स काओ यांना प्रकाशतंतूंवरील कार्यासाठी मिळाला. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सीसीडीऐवजी सीमॉस संवेदक असतो. दोन्हींचे मूळ तत्त्व एकच आहे: सिलिकॉनवर प्रकाशकण पडला की इलेक्ट्रॉन मुक्त होतो आणि तो त्या घटकाच्या विद्युतसाठ्यात जमा होतो. एक्सपोजर संपल्यावर प्रत्येक साठ्यातील विद्युतभार मोजला जातो व त्यावरून त्या बिंदूचे मूल्य ठरते.

इलेक्ट्रॉन मुक्त होण्यासाठी लागणारी ऊर्जा केवळ प्रकाशाकडूनच मिळते असे नाही. सिलिकॉनमधील उष्णतेमुळेही काही इलेक्ट्रॉन मुक्त होतात. पूर्ण अंधारातही साठत जाणाऱ्या या विद्युतभाराला अंधारप्रवाह किंवा डार्क करंट असे म्हणतात. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि उष्णतेने सुटलेला इलेक्ट्रॉन यांत भेद करण्याचे कोणतेही साधन मोजणी करणाऱ्या मंडलाजवळ नसते. त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. सर्वसाधारण घटकात अंधारप्रवाह अत्यल्प असतो. ज्या घटकात तो इतरांच्या कितीतरी पट असतो, तो हॉट पिक्सेल होय.

कालावधी आणि तापमान

अंधारप्रवाहातून साठणारा विद्युतभार एक्सपोजरच्या कालावधीच्या सम प्रमाणात वाढतो. १/१०० सेकंदाच्या तुलनेत ३० सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये तो ३००० पट साठतो. दिवसा न दिसणारा दोष रात्री दिसतो याचे हे पहिले कारण आहे. दुसरे कारण असे की अंधुक प्रकाशात आयएसओ वाढवला जातो आणि मोजलेल्या संकेताबरोबर हा अनावश्यक संकेतही विवर्धित होतो.

तापमानाचा परिणाम याहून तीव्र आहे. सिलिकॉन संवेदकात तापमान साधारण ६ ते ८ अंश सेल्सिअसने वाढले की अंधारप्रवाह दुप्पट होतो. नेमके प्रमाण संवेदकागणिक बदलते. दुप्पट होण्यासाठी ६ अंश लागतात असे धरल्यास १८ अंशांवरून ३० अंशांवर गेलेल्या संवेदकात अंधारप्रवाह ४ पट होईल. उलट, ३० अंशांचा संवेदक उणे ६ अंशांपर्यंत थंड केला तर तो १/६४ इतकाच उरेल. संवेदकाचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा अधिक असते. पडद्यावरील थेट दृश्य बराच वेळ चालू ठेवणे, चित्रफीत टिपणे किंवा लागोपाठ दीर्घ एक्सपोजर घेणे यांमुळे ते आणखी वाढते.

स्फटिकातील दोष आणि किरणोत्सार

विशिष्ट घटकातच अंधारप्रवाह जास्त का असतो, याचे उत्तर सिलिकॉनच्या स्फटिकरचनेत आहे. स्फटिकजालकात धातूच्या अणूची अशुद्धी असेल किंवा एखादा अणू मूळ जागेवरून हललेला असेल, तर त्या ठिकाणी मधली ऊर्जापातळी निर्माण होते. इलेक्ट्रॉनला एक मोठी उडी घेण्याऐवजी जणू मधली पायरी मिळते आणि कमी ऊर्जेतही तो मुक्त होऊ शकतो.

असे काही दोष निर्मितीच्या वेळीच राहून जातात, तर काही नंतर उत्पन्न होतात. वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणूंना धक्का देऊन जागचे हलवतात. त्यामुळे कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्यातही काळानुसार नवे हॉट पिक्सेल तयार होतात. समुद्रसपाटीपेक्षा अधिक उंचीवर आणि विमानप्रवासात हे कण अधिक प्रमाणात असतात, तर अवकाशात त्यांचा मारा कित्येक पटींनी वाढतो.

काही सदोष घटकांचा अंधारप्रवाह स्थिर नसतो. तो दोन किंवा अधिक पातळ्यांमध्ये अचानक खालीवर होतो. असा घटक एका छायाचित्रात दिसतो आणि पुढच्यात दिसत नाही. त्यामुळे त्याची दुरुस्ती अधिक कठीण असते.

छायाचित्रातील परिणाम

बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर रंगीत गाळण्यांची जाळी असते. कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी आखलेल्या व १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेनुसार या जाळीत निम्म्या गाळण्या हिरव्या, एक चतुर्थांश लाल आणि एक चतुर्थांश निळ्या असतात. म्हणजेच प्रत्येक घटक एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या घटकांवरून गणिताने काढले जातात. हॉट पिक्सेल रंगीत दिसतो तो यामुळेच: लाल गाळणीखालचा घटक सदोष असेल तर ठिपका लाल दिसतो.

या रंगगणनेत सदोष मूल्य शेजारच्या बिंदूंतही मिसळते. परिणामी मुळात एका घटकापुरता असलेला दोष लहानशा फुलीसारखा पसरतो. पुढे चित्राची तीक्ष्णता वाढवली, जेपेग स्वरूपात संक्षेपण केले किंवा भिंगाच्या वक्रतेची दुरुस्ती केली की त्याचा आकार आणखी बिघडतो. या कारणासाठी हॉट पिक्सेलची दुरुस्ती रॉ स्वरूपातील मूळ मापनांवर, रंगगणनेच्या आधी करणे श्रेयस्कर ठरते.

ओळख आणि चाचणी

कॅमेऱ्यातील हॉट पिक्सेल तपासण्यासाठी विशेष उपकरण लागत नाही. चाचणीची पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

१. भिंगावर झाकण लावावे. आरशाच्या कॅमेऱ्यात दृश्यदर्शकातूनही प्रकाश आत शिरतो, म्हणून तोही झाकावा.
२. दीर्घ एक्सपोजरमधील नॉइज कमी करणारी कॅमेऱ्यातील सोय बंद करावी. ती चालू राहिल्यास चाचणीत पाहायचा दोष कॅमेराच वजा करून टाकील.
३. रॉ स्वरूप, आयएसओ १६०० आणि ३० सेकंदांचा कालावधी ठेवून लागोपाठ तीन छायाचित्रे घ्यावीत.
४. ती संगणकावर पूर्ण आकारात पाहून एकमेकांशी ताडावीत.

तिन्ही छायाचित्रांत एकाच जागी असलेला ठिपका हा हॉट पिक्सेल होय. एकाच छायाचित्रात दिसणारा ठिपका बहुधा यादृच्छिक नॉइजचा किंवा संवेदकावर आदळलेल्या एखाद्या ऊर्जाभारित कणाचा असतो. अशा कणाचा ठसा कधी कधी बिंदूऐवजी लहान रेषेसारखाही दिसतो.

ठिपक्यांच्या संख्येने दडपून जाण्याचे कारण नाही. ६००० × ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख घटकांच्या संवेदकात दर १०,००० घटकांमागे एक जरी सदोष असला तरी त्यांची संख्या २,४०० भरते. संख्येपेक्षा ते नेहमीच्या वापरातील कालावधीत दिसतात की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

प्रतिबंधात्मक उपाय

हॉट पिक्सेल पूर्णपणे टाळता येत नाहीत, परंतु त्यांचे प्रमाण कमी राखता येते.

• एक दीर्घ एक्सपोजर घेण्याऐवजी अनेक लहान एक्सपोजर घेऊन ती नंतर एकत्र करावीत.
• दोन एक्सपोजरच्या मध्ये संवेदकाला निवण्यासाठी थोडा अवधी द्यावा.
• पडद्यावरील थेट दृश्य रचना आणि फोकस ठरवण्यापुरतेच वापरावे.
• भिंगाचे छिद्र शक्य तितके मोठे ठेवावे, म्हणजे कालावधी किंवा आयएसओ कमी ठेवता येतो.
• कॅमेरा उन्हात तापलेल्या गाडीतून काढून लगेच वापरण्याऐवजी तो बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्यावा.

खगोलछायाचित्रणासाठी बनवलेल्या अनेक कॅमेऱ्यांत संवेदक विद्युत प्रशीतकाने थंड करण्याची सोय असते. त्यामुळे अंधारप्रवाह घटतोच, शिवाय तापमान ठराविक अंशावर स्थिर ठेवता येते. डार्क फ्रेमच्या दृष्टीने हा दुसरा लाभ फार मोलाचा आहे.

दुरुस्तीच्या पद्धती

डार्क फ्रेमची वजाबाकी

भिंगावर झाकण ठेवून, मूळ छायाचित्राइतकाच कालावधी, तोच आयएसओ आणि शक्यतो तेच तापमान राखून घेतलेल्या छायाचित्राला डार्क फ्रेम असे म्हणतात. त्यात दृश्याचा प्रकाश अजिबात नसतो. केवळ अंधारप्रवाहाची नोंद असते. मूळ छायाचित्रातून ती बिंदुगणिक वजा केली की अंधारप्रवाहाचा सरासरी वाटा निघून जातो.

अनेक कॅमेऱ्यांत ही क्रिया आपोआप करण्याची सोय असते. साधारणपणे एक सेकंद किंवा त्याहून दीर्घ एक्सपोजरनंतर कॅमेरा पडदा बंद ठेवून तितक्याच कालावधीची डार्क फ्रेम घेतो व ती वजा करून छायाचित्र साठवतो. दोन्ही छायाचित्रांच्या वेळचे तापमान जवळजवळ सारखे असल्याने ही वजाबाकी नेमकी होते. मात्र प्रत्येक छायाचित्राला दुप्पट वेळ लागतो. ताऱ्यांच्या सलग वर्तुळाकार रेषा टिपताना ही सोय वापरल्यास प्रत्येक दोन छायाचित्रांमध्ये खंड पडतो आणि रेषा तुटक दिसतात. अशा वेळी ती बंद ठेवून शेवटी काही डार्क फ्रेम स्वतंत्रपणे घेतात.

डार्क फ्रेममध्येही यादृच्छिक नॉइज असतो. दोन्ही प्रतिमांतील नॉइज सारखा असेल तर एकच डार्क फ्रेम वजा केल्याने एकूण नॉइज २ च्या वर्गमूळाइतक्या, म्हणजे सुमारे १.४ पटीने वाढतो. म्हणून अनेक डार्क फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतात. सरासरीतील नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमूळाने कमी होतो. १६ डार्क फ्रेमच्या सरासरीत तो एका फ्रेमच्या एक चतुर्थांश इतका राहतो.

ही पद्धत रॉ स्वरूपातच योग्य प्रकारे लागू पडते. जेपेग तयार होताना मूल्यांवर वक्राकार उजळणी लादली जाते, त्यामुळे मूल्ये प्रकाशाच्या सम प्रमाणात राहत नाहीत आणि सरळ वजाबाकी चुकीची ठरते.

शेजारच्या घटकांवरून अंदाज

सदोष घटकाचे मूल्य टाकून देऊन शेजारच्या घटकांवरून नवे मूल्य ठरवणे ही दुसरी प्रमुख पद्धत होय. बायर जाळीत ओळीत किंवा स्तंभात समान रंगाचा शेजारी एक घर सोडून सापडतो, म्हणून तुलना त्याच्याशी केली जाते.

समजा, आठ समरंगी शेजाऱ्यांची मूल्ये २०८, २११, २१२, २१४, २१५, २१७, २१९ आणि २२० अशी आहेत आणि मधल्या सदोष घटकाचे मूल्य ९,८४० आहे. या नऊ मूल्यांची सरासरी १,२८४ येते. म्हणजे ठिपका मंद होईल, पण जाणार नाही. मूल्ये चढत्या क्रमाने लावून मधले मूल्य, म्हणजे मध्यक, घेतला तर तो २१५ येतो आणि सभोवतालाशी जुळतो. एखाद्या टोकाच्या मूल्याने मध्यक फारसा ढळत नाही, म्हणून या कामासाठी सरासरीपेक्षा मध्यक उपयुक्त ठरतो.

मध्यक संपूर्ण छायाचित्राला सरसकट लावल्यास बारीक तपशील पुसट होतात. म्हणून घटकाचे मूल्य शेजाऱ्यांपेक्षा ठराविक मर्यादेपलीकडे वेगळे असेल तेव्हाच ते बदलले जाते. डार्कटेबल आणि रॉथेरपी या मुक्त संगणकप्रणालींत हॉट पिक्सेलसाठी स्वतंत्र सोय असून मर्यादा वापरकर्त्याला ठरवता येते. अडोबी कॅमेरा रॉ ही प्रणाली असे बिंदू ओळखून आपोआप दुरुस्त करते.

पिक्सेल मॅपिंग

या पद्धतीत सदोष घटकांच्या जागांची यादी कॅमेऱ्याच्या स्मृतीत साठवली जाते. त्यानंतर प्रत्येक छायाचित्रात त्या जागांची मूल्ये शेजाऱ्यांवरून भरली जातात. संवेदकाच्या निर्मितीच्या वेळी अशी यादी केली जातेच. काही कॅमेऱ्यांत वापरकर्त्याला ती नव्याने करता येते. ऑलिंपस आणि पेंटॅक्स यांच्या अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत ही सोय आहे. सोय नसलेल्या कॅमेऱ्यांत सेवा केंद्राकडून हे काम करून घेता येते. मॅपिंगने सदोष घटक बरा होत नाही. त्याची साक्ष ग्राह्य धरायची नाही, एवढेच ठरते.

अडोबीच्या डीएनजी या रॉ स्वरूपातही सदोष बिंदूंची यादी छायाचित्राबरोबर नोंदवण्याची तरतूद आहे.

डिदरिंग

एकाच दृश्याची अनेक छायाचित्रे घेताना प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची दिशा काही घटकांइतकी किंचित हलवणे, याला डिदरिंग असे म्हणतात. नंतर ताऱ्यांच्या आधारे छायाचित्रे जुळवली की तारे एकमेकांवर येतात, तर हॉट पिक्सेल प्रत्येक छायाचित्रात वेगळ्या जागी जातात. आता दृश्यातील प्रत्येक बिंदूचे मापन अनेक वेगवेगळ्या घटकांनी केलेले असते. त्यांतील विसंगत मूल्य संख्याशास्त्रीय कसोटीने वगळून उरलेल्यांची सरासरी काढली जाते.

ही पद्धत आधीच्या पद्धतींपेक्षा मूलतः वेगळी आहे. इथे शेजारच्या बिंदूवरून अंदाज बांधला जात नाही; त्याच बिंदूचा प्रकाश दुसऱ्या निर्दोष घटकाने प्रत्यक्ष मोजलेला असतो. दिशा न हलवता ताऱ्यांचा मागोवा घेतल्यास याचा उलटा अनुभव येतो. यंत्रणेच्या सूक्ष्म सरकण्यामुळे जुळवलेल्या चित्रात हॉट पिक्सेलच्या समांतर रेघा उमटतात. सिरिल, डीपस्कायस्टॅकर आणि पिक्सइनसाइट या प्रणालींत छायाचित्रे जुळवण्याची व विसंगत मूल्ये वगळण्याची सोय आहे.

मोबाइलमधील रात्रीच्या छायाचित्रणाच्या सोयीतही अनेक लहान एक्सपोजर जुळवून एकत्र केली जातात. हाताच्या कंपामुळे तिथे काही प्रमाणात डिदरिंग आपसूकच घडते.

हाताने दुरुस्ती

ठिपके मोजकेच असतील आणि केवळ जेपेग छायाचित्र उपलब्ध असेल तर गिंपसारख्या प्रणालीतील डाग पुसण्याच्या साधनाने ते एकेक करून काढता येतात. ब्रशचा आकार ठिपक्यापेक्षा किंचितच मोठा ठेवावा. एकाच कॅमेऱ्याच्या अनेक छायाचित्रांत तेच ठिपके असल्यामुळे एका छायाचित्रावरील दुरुस्तीच्या जागा इतरांवर उतरवण्याची सोय काही प्रणालींत आढळते. मात्र त्याआधी छायाचित्र कापलेले किंवा फिरवलेले नसावे, अन्यथा जागा जुळत नाहीत.

उदाहरण: काजव्यांचे छायाचित्रण

दुरुस्तीची पद्धत विषयानुसार का निवडावी लागते, हे काजव्यांच्या छायाचित्रणात स्पष्ट होते. महाराष्ट्रात सह्याद्रीतील भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या परिसरांत मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत काजवे मोठ्या संख्येने चमकतात. त्यांचा प्रकाश टिपण्यासाठी कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून लागोपाठ अनेक दीर्घ एक्सपोजर घेतली जातात. उदाहरणार्थ, ३० सेकंदांच्या ६० छायाचित्रांत अर्ध्या तासातील चमक नोंदवली जाते. नंतर ती एकावर एक ठेवून प्रत्येक बिंदूवर सर्वांत उजळ मूल्य राखले जाते.

या रीतीत प्रत्येक काजवा टिकून राहतो, पण प्रत्येक हॉट पिक्सेलही टिकून राहतो. पावसापूर्वीच्या उबदार रात्री लागोपाठ एक्सपोजर घेतल्याने त्यांची संख्याही अधिक असते. काजव्याचा प्रकाश पिवळसर हिरवा असतो आणि जाळीतील निम्मे घटक हिरव्या गाळणीखाली असतात. त्यामुळे अनेक सदोष बिंदू पाहणाऱ्याला काजव्यांसारखेच भासतात.

इथे ६० छायाचित्रांचा मध्यक घेणे सर्वस्वी चुकीचे ठरते. काजवा एका जागी एखाद्याच छायाचित्रात चमकतो, म्हणून मध्यक त्यालाच विसंगत ठरवून काढून टाकील. हॉट पिक्सेल मात्र साठही छायाचित्रांत त्याच जागी असल्याने तो राखला जाईल. साधी सरासरी घेतल्यास एकदाच चमकलेल्या काजव्याची उजळणी साठाव्या हिश्शावर येईल. डिदरिंगही सोयीचे नसते, कारण अग्रभागातील झाडे स्थिर ठेवायची असतात. एका छायाचित्रातील शेजाऱ्यांवरून अंदाज बांधल्यास दूरचे, बारीक दिसणारे काजवे पुसले जाण्याचा धोका राहतो.

डार्क फ्रेम या पेचातून मार्ग काढते, कारण तिच्यात हॉट पिक्सेल असतात आणि काजवे नसतात. म्हणून त्याच रात्री, त्याच ठिकाणी, छायाचित्रण संपताच काही डार्क फ्रेम घेतल्या जातात. त्यांची सरासरी प्रत्येक रॉ छायाचित्रातून वजा करून मगच सर्व छायाचित्रे एकत्र केली जातात. एकत्र करण्याआधी वजाबाकी करणे आवश्यक आहे. सर्वांत उजळ मूल्य निवडल्यानंतर ते कोणत्या छायाचित्रातून आले हे कळायला मार्ग राहत नाही.

मर्यादा

वजाबाकीने अंधारप्रवाहाचा सरासरी वाटा निघतो, त्याची अनिश्चितता निघत नाही. एखाद्या घटकात उष्णतेमुळे सरासरी १०,००० इलेक्ट्रॉन साठत असतील, तर त्यांतील स्वाभाविक चढउतार १०,००० च्या वर्गमूळाइतका, म्हणजे १०० इलेक्ट्रॉनांचा असतो. त्याच घटकावर मंद ताऱ्याच्या प्रकाशाने ५० इलेक्ट्रॉन जमा झाले असतील, तर वजाबाकीनंतरही ते या चढउतारात बुडालेले राहतात. घटक पूर्ण भरून कमाल मूल्यावर पोहोचला असेल तर वजाबाकीला काही अर्थच उरत नाही. १४ बिटांच्या रॉ छायाचित्रात हे कमाल मूल्य १६,३८३ असते. अशा घटकांचे मूल्य टाकून देणेच योग्य ठरते.

शेजाऱ्यांवरून केलेल्या दुरुस्तीचा धोका वेगळा आहे. खऱ्या ताऱ्याचा प्रकाश भिंगातून येताना सहसा एकाहून अधिक घटकांवर पसरतो, तर हॉट पिक्सेल एकट्या घटकापुरता असतो. या फरकावर ही पद्धत उभी आहे. परंतु रुंद कोनाच्या आणि तीक्ष्ण भिंगातून मंद तारा जवळजवळ एकाच घटकावर उमटू शकतो. तेव्हा ताऱ्यालाच दोष समजून काढले जाते. काही कॅमेऱ्यांत ही गाळणी रॉ छायाचित्र साठवण्यापूर्वीच लावली जात असल्याचे आढळले आणि खगोलछायाचित्रकारांत असे कॅमेरे ‘तारेखाऊ’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. नाहीशा झालेल्या ताऱ्याची रॉ छायाचित्रातही नोंद न उरल्याने तो नंतर परत मिळवता येत नाही.

विज्ञानातील उपयोजन

वेधशाळांतील छायाचित्र हे मोजमापाचे साधन असते. तिथे एखादा बिंदू खरा की खोटा, यावर नव्या ताऱ्याचा किंवा लघुग्रहाचा निष्कर्ष अवलंबून असू शकतो. त्यामुळे डार्क फ्रेम, सदोष घटकांची यादी आणि डिदरिंग हे वेधांच्या नित्यक्रमाचे भाग आहेत. व्यावसायिक दुर्बिणींवरील संवेदक अनेकदा द्रवरूप नायट्रोजनच्या साह्याने अतिशय थंड ठेवले जातात.

१९९० मध्ये प्रक्षेपित झालेल्या हबल अवकाश दुर्बिणीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण किरणोत्सारामुळे तिच्या संवेदकांवर सतत नवे हॉट पिक्सेल तयार होतात. २००२ मध्ये बसवलेल्या एसीएस आणि २००९ मध्ये बसवलेल्या डब्ल्यूएफसी३ या कॅमेऱ्यांचे सीसीडी संवेदक उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास चालवले जातात. साधारण महिन्यातून एकदा ते खोलीच्या तापमानाजवळ आणले जातात. या प्रक्रियेला तापानुशीतन म्हणतात. तिच्यामुळे नव्याने तयार झालेले बरेच हॉट पिक्सेल पूर्ववत होतात. काही मात्र कायम राहतात. उष्णतेने ठळक होणारा दोष नियंत्रित उष्णतेनेच अंशतः दूर होतो, हे इथे लक्षणीय आहे.

डिसेंबर १९९५ मध्ये हबलने आकाशाच्या एका लहानशा भागाची ३४२ छायाचित्रे घेतली. ‘हबल डीप फील्ड’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या वेधांत डिदरिंगचा अवलंब केला होता. किंचित सरकलेली छायाचित्रे एकत्र जोडण्यासाठी अँड्र्यू फ्रुख्टर आणि रिचर्ड हुक यांनी ‘ड्रिझल’ ही पद्धत विकसित केली. हौशी खगोलछायाचित्रकार वापरतात त्या अनेक प्रणालींत ती आज उपलब्ध आहे.

न्यायवैद्यक उपयोग

सदोष घटकांची मांडणी प्रत्येक संवेदकात वेगळी असते. त्यामुळे एखादे छायाचित्र विशिष्ट कॅमेऱ्यानेच टिपले आहे का, हे तपासण्यासाठी तिचा उपयोग होऊ शकतो. १९९९ मध्ये केंजी कुरोसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधारप्रवाहाच्या मांडणीवरून चित्रफितीचा कॅमेरा ओळखण्याची पद्धत मांडली. नवे दोष कालांतराने वाढत जातात, यावरून छायाचित्र साधारण कोणत्या काळातील आहे याचा अंदाज बांधण्याची पद्धत जेसिका फ्रिड्रिच आणि मिरोस्लाव गोल्यान यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. छायाचित्र पुरावा म्हणून सादर करायचे असल्यास मूळ रॉ छायाचित्र आणि डार्क फ्रेम जपून ठेवणे इष्ट असते. सुधारित प्रत पाहण्यास सोयीची असली, तरी कोणती मूल्ये मोजलेली आणि कोणती भरलेली आहेत हे मूळ प्रतीवरूनच ठरवता येते.

हेही पाहा

• सीसीडी
• सीमॉस संवेदक
• बायर जाळी
• अंधारप्रवाह
• खगोलछायाचित्रण
• हबल अवकाश दुर्बीण
• काजवा